व्हिएन्नाच्या कॉफीहाउसात नुसतं बसायला जा

व्हिएन्नाला जाणारं कोणी ओळखीचं भेटलं की मी न विचारता एक गोष्ट सांगतेच. राजवाडे बघा, म्युझियम बघा, ऑपेरासमोर फोटो काढा, सगळं करा, पण एक अख्खी दुपार मोकळी ठेवा आणि एखाद्या जुन्या कॉफीहाउसात जाऊन बसा. नुसतं बसा. बहुतेक जण हो हो म्हणतात आणि मग जातात कुठे, तर कॅफे सेंट्रलला. तिथे बाहेर रांग असते, मग आत जाऊन केक, फोटो, बिल की अर्ध्या तासात बाहेर. सेंट्रल देखणं आहे यात वादच नाही, त्या कमानी आणि खांब बघून देवळात आल्यासारखं वाटतं, पण दाराबाहेर पन्नास माणसं ताटकळत उभी आहेत हे माहीत असताना कोणाचाही पाय आत निवांत टेकत नाही, आणि निवांतपणा काढून घेतला तर व्हिएन्नाच्या कॉफीहाउसात उरतं काय? कॉफी काय, जगात कुठेही चांगली मिळते.

आम्ही गेलो ते कॅफे श्पेर्लला. आई आणि मी सकाळपासून कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये होतो, ब्रॉयगेलची चित्रं आईला इतकी आवडली की त्या एका दालनातून ती हलेचना, आणि मग बाहेर आल्यावर गुडघ्यांनी तक्रार सुरू केली. मार्च महिना, ऊन छान पडलेलं पण वारा असा की कानाला बांधलेला स्कार्फ सोडायची सोय नाही. तिथून गुम्पेनडॉर्फर श्ट्रास चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, आम्ही हळूहळू गेलो. कोपऱ्यावरची इमारत, मोठ्या खिडक्या, आत उंच छत, पायाखाली जुनी लाकडी जमीन, खिडकीला लागून कापड मढवलेली बाकं, संगमरवरी टेबलं, आणि एका बाजूला चक्क बिलियर्डची टेबलं. त्यातल्या एका टेबलावर वर्तमानपत्रांचा ढीग. हे कॅफे 1880 पासून इथे आहे आणि आतली मांडणी बरीचशी त्या काळातलीच ठेवलेली आहे, पण प्रदर्शनात ठेवतात तशी नाही. सगळं वापरातलं आहे. बाकांचं कापड बसून बसून झिजलेलं आहे आणि मला ते फार आवडलं.

इथे नुसतं "कॉफी द्या" म्हणून भागत नाही, कुठली ते सांगावं लागतं. आईसाठी मेलांज घेतली, म्हणजे कॉफीत गरम दूध आणि वर फेस, पहिल्यांदा जाणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाने बेधडक घ्यावी अशी. मी घेतली आइनश्पेनर, ती काचेच्या ग्लासात येते, खाली कडक काळी कॉफी आणि वर फेटलेल्या सायीचा जाड थर, आणि ती ढवळायची नाही, थंड सायीतून गरम कडू कॉफी ओठाला लागते त्यातच सगळी मजा आहे. नुसती काळी हवी असेल तर श्वार्त्सर, थोडं दूध हवं तर ब्राउनर, त्यात पुन्हा छोटी-मोठी. सोबत एक आप्फेलश्ट्रुडल मागवलं. त्याचं पीठ इतकं पातळ ताणतात की आरपार दिसावं, आत सफरचंद, बेदाणे, दालचिनी. आईने पहिला घास खाऊन डोळे मिटले आणि मग पुढची पाच मिनिटं एक शब्द बोलली नाही.

आता त्या ट्रेबद्दल सांगायलाच हवं. कॉफी येते ती छोट्याशा चंदेरी ट्रेमध्ये, सोबत पाण्याचा ग्लास, आणि त्या ग्लासवर चमचा पालथा ठेवलेला. पाणी नळाचंच, पण व्हिएन्नाचं नळाचं पाणी म्हणजे आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी. 1873 साली त्यांनी डोंगरातून थेट शहरात पाणी आणणारी पहिली मोठी वाहिनी सुरू केली, 1910 मध्ये दुसरी, आणि आजही शहर त्याच पाण्यावर आहे. त्याआधी इथल्या विहिरींच्या पाण्याने लोक आजारी पडायचे. म्हणजे कॉफीबरोबर स्वच्छ गार पाणी पुढे करणं ही त्या शहराला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे.

तर आमची कॉफी संपली. आईला बाहेर खाऊन झाल्यावर बसून राहणं जमतच नाही, तिच्या डोक्यात एकदम पक्कं बसलंय की आपलं झालं की उठायचं, दुसऱ्यांना जागा हवी असेल, वेटरला टेबल पुसायचं असेल. तिने पर्स उचलली, स्कार्फ बांधायला घेतला आणि मला म्हणाली, "चल गं, किती वेळ अडवून बसायचं." तेवढ्यात आमचे वेटरकाका आले, साठीच्या आसपासचे, काळा सूट, काळा बो, चेहऱ्यावर हसू वगैरे काही नाही. आईला वाटलं बिल आणलं. त्यांनी रिकामे झालेले पाण्याचे दोन ग्लास उचलले, भरलेले दोन ठेवले, "बिट्टे झेअर" म्हणाले आणि गेले.

आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, आई तू बस, इथे असंच असतं, आपण मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. ती म्हणाली, "आणि नाही मागितलं तर?" तर बसायचं. पर्स परत खुर्चीवर गेली, स्कार्फ सुटला, आणि आम्ही तिथे संध्याकाळचे दिवे लागेपर्यंत होतो. मधे कधीतरी पाणी पुन्हा बदललं गेलं. आईने तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणींच्या अशा गोष्टी सांगितल्या की ज्या मी आयुष्यात ऐकल्या नव्हत्या. घरी कधी इतकं सलग बोलणं होतच नाही, कुकर असतो, फोन असतो, कोणीतरी दार वाजवतं.

व्हिएन्नाच्या कॉफीहाउस संस्कृतीची 2011 मध्ये युनेस्कोच्या ऑस्ट्रियातल्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद झाली. त्यात या जागांचं जे वर्णन आहे त्याचा अर्थ असा, की इथे माणूस वेळ आणि जागा दोन्ही वापरतो आणि बिलात मात्र फक्त कॉफी लागते. एका मेलांजला साधारण पाच-सहा युरो पडतात, कॉफी म्हणून महागच. पण गरम, उजेडाची, सुरेख जागा, वाचायला पेपर, पाणी, आणि अख्खी दुपार कोणी उठवणार नाही याची खात्री, हे सगळं धरलं तर मला ते कधीच महाग वाटलं नाही.

हे असं का झालं याच्यामागे एक कारण आहे जे टूरवाले फारसं सांगत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्ना भयंकर वेगाने वाढलं, सगळ्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातून माणसं येत होती, चेक, हंगेरियन, पोलिश, गॅलिसियातले (म्हणजे आजच्या पोलंड-युक्रेनच्या भागातले) ज्यू, आणि 1910 मध्ये लोकसंख्या 20 लाखांच्या वर गेली होती. घरं नव्हती. एकेका खोलीत कुटुंबंच्या कुटुंबं, आणि त्यातही पलंग काही तासांसाठी भाड्याने घेणारे लोक होते, म्हणजे दिवसा एक झोपणार आणि रात्री दुसरा. अशा माणसाने उरलेला वेळ कुठे काढायचा? विद्यार्थी असो, लेखक असो, नोकरी शोधणारा असो, घर थंड आणि अंधारं आणि गच्च भरलेलं, आणि कोपऱ्यावर कॉफीहाउस, जिथे शेगडी पेटलेली आहे, दिवे आहेत, आणि एका कपावर दिवसभर बसता येतं. लोक तिथे पत्रं लिहायचे, तिथल्याच पत्त्यावर पत्रं मागवायचे. पेटर आल्टेनबर्ग नावाच्या लेखकाने तर आपला पत्ता म्हणून सरळ कॅफे सेंट्रल दिला होता. सेंट्रलच्या दारापाशी आजही त्याचा कागदाच्या लगद्याचा पुतळा बसवलेला आहे, टक्कल आणि झुपकेदार मिशा, आणि लोक त्याच्याबरोबर फोटो काढतात. मला मात्र त्याच्याकडे बघून वाटतं की ज्याला धड घर नव्हतं त्याला या शहराने एक टेबल दिलं.

सुरुवात कशी झाली याची एक लाडकी दंतकथा तिथे सगळे सांगतात. 1683 साली ऑटोमन फौजांनी व्हिएन्नाला वेढा घातला होता, तो फसला, फौज मागे हटली आणि मागे राहिलेल्या सामानात हिरव्या-करड्या बियांची पोती सापडली, लोकांना वाटलं उंटांचा खुराक असेल, पण कोल्शित्स्की नावाच्या एका हेराने ओळखलं की ही कॉफी आहे आणि त्याने पहिलं दुकान टाकलं. त्याचा पुतळाही आहे शहरात. गोष्ट म्हणून छानच, पण कागदोपत्री पुरावा आहे तो दुसऱ्या माणसाचा, योहानेस डिओडाटो नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याचा, ज्याला 1685 मध्ये कॉफी विकायचा परवाना मिळाला. त्याच्या नावाने शहरात एक छोटी बाग आहे, पण पर्यटक तिकडे सहसा फिरकत नाहीत. मला हा आर्मेनियन माणूस जास्त जवळचा वाटतो. बाहेरून आलेल्या माणसाने एक पेय आणलं आणि शहराने ते इतकं आपलंसं केलं की आज ते म्हणजेच शहर झालंय.

आणि खुर्च्या! श्पेर्लमध्ये बसल्या बसल्या आई खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि म्हणाली, "ह्या तर आपल्या इराण्याकडच्या." अगदी बरोबर. वाकवलेल्या लाकडाची ती खुर्ची मुळात व्हिएन्नाचीच. मिखाएल टोनेट नावाचा सुतार 1842 मध्ये व्हिएन्नाला आला, बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून वाकवायचं तंत्र त्याने बसवलं, सुरुवातीच्या काळातल्या त्याच्या खुर्च्या इथल्या डाउम नावाच्या कॅफेत गेल्या, आणि मग 1859 मध्ये आली त्याची 14 नंबरची खुर्ची. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट, बास. सुटे भाग करून एक घनमीटरच्या खोक्यात अशा 36 खुर्च्या बसायच्या, त्यामुळे बोटीने जगात कुठेही पाठवता यायच्या. त्याच घाटाच्या खुर्च्या मुंबईच्या आणि पुण्याच्या इराणी हॉटेलांत पोचल्या, संगमरवरी टेबलांच्या भोवती मांडल्या गेल्या, आणि तिथेही बन-मस्का आणि एका चहावर पेपर वाचत बसणारी माणसं त्यांच्यावर बसली. आई मुंबईत नोकरीला होती तेव्हा ऑफिस सुटल्यावर मैत्रिणींबरोबर इराण्याकडे जायची, हे तिने मला तिथे, व्हिएन्नात बसून सांगितलं. इराणी एकामागून एक बंद होत गेले तेव्हा आपण हळहळलो आणि पुढे गेलो. व्हिएन्नाने आपली कॉफीहाउसं जपली, निदान बरीचशी, आणि हे मला मनापासून कौतुकाचं वाटतं.

जपली म्हणजे सगळं सुरळीत चाललं असं अजिबात नाही. या कॉफीहाउसांची जी जगभर कीर्ती आहे ना, ती ज्या माणसांमुळे झाली त्यातले कितीतरी ज्यू होते, लेखक, पत्रकार, डॉक्टर, वकील, नाटकवाले, आणि अनेक कॅफेंचे मालकही. आधी सगळे ग्रीनश्टाइडल नावाच्या कॅफेत बसायचे, ते 1897 मध्ये पाडलं, मग मंडळी सेंट्रलला गेली. 1907 ते 1914 रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की व्हिएन्नात राहत होता तेव्हा तोही सेंट्रलमध्ये बुद्धिबळ खेळायचा. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास जवळच हेरेनहोफ नावाचं नवं कॅफे आलं आणि पुढची पिढी तिकडे वळली. आणि मग 1938 चा मार्च महिना. हिटलरची फौज ऑस्ट्रियात शिरली आणि काही दिवसांत सगळं उलटंपालटं झालं. सेंट्रलच्या जुन्या मंडळींपैकी एगॉन फ्रीडेल, इतिहास लिहिणारा आणि रंगमंचावर कामही करणारा माणूस, 16 मार्चला नाझी दारात आल्यावर त्याने खिडकीतून उडी टाकून जीव दिला. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड, जो लांटमान कॅफेत जायचा, तो जूनमध्ये लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी वारला. लेखक श्टेफान त्स्वाइग त्याआधीच देश सोडून गेला होता, 1942 मध्ये ब्राझीलमध्ये त्याने बायकोसह आत्महत्या केली. कॅबरे गाजवणारा फ्रित्स ग्र्यूनबाउम डाखाउच्या छळछावणीत मेला. ज्यू मालकांचे कॅफे हिसकावून घेतले गेले.

मी हे सगळं आईला सांगितलं तेव्हा तिने विचारलं, मग परत नाही का आलं कोणी? आले, पण मोजके. फ्रीडरिश टोरबेर्ग नावाचा लेखक अमेरिकेतून 1951 मध्ये परतला आणि त्याने त्या गेलेल्या जगाचे किस्से लिहून ठेवले, नाहीतर ते त्या लोकांबरोबरच संपले असते. व्हिएन्नाच्या कॉफीहाउसवर लिहिताना पुष्कळजण नुसता केक आणि झुंबरं लिहितात आणि हे गाळतात, मला ते पटत नाही. त्या टेबलांवरून माणसांना उठवलं गेलं, ज्या जागेची सगळी ख्याती "कोणी उठवत नाही" हीच आहे तिथून. ते माहीत असल्याशिवाय तिथे बसू नये असं मला वाटतं.

युद्धानंतर आणखी एक संकट आलं, ते म्हणजे इटालियन पद्धतीचे एस्प्रेसो बार. उभ्या उभ्या प्या आणि निघा. 1950 नंतर जुनी कॉफीहाउसं धडाधड बंद व्हायला लागली. सेंट्रलसुद्धा युद्धाच्या शेवटी बंद झालं होतं ते थेट 1975 मध्ये पुन्हा उघडलं.

अशा काळात एका नवराबायकोने तग धरला त्यांची गोष्ट मला सगळ्यात प्रिय आहे. लेओपोल्ड आणि योझेफिने हावेल्का. 1939 मध्ये त्यांनी डोरोथेअरगासमध्ये कॅफे सुरू केलं, युद्ध लागलं, लेओपोल्डला सैन्यात जावं लागलं, कॅफे बंद. 1945 मध्ये परत येऊन बघतात तर बॉम्बवर्षावातूनही जागा शाबूत. मग लेओपोल्ड व्हिएन्नाच्या आसपासच्या जंगलातून स्वतः लाकडं आणायचा आणि योझेफिने त्या चुलीवर कॉफी करायची. छोटंसं, अंधारलेलं दुकान, पण तरुण चित्रकार-लेखक तिथे जमायला लागले, हेरेनहोफ बंद पडल्यावर तर आणखीनच. भिंतींवर चित्रं आणि पोस्टर एकाला एक लागून. योझेफिने रात्री उशिरा ओव्हनमधून बुखटेल्न काढायची, म्हणजे आत आलुबुखाराचा घट्ट मुरांबा भरलेले मऊ गोड पाव, आणि अनोळखी माणसांना एका टेबलावर दाटीवाटीने बसवायची. ती 2005 मध्ये गेली. लेओपोल्ड म्हातारपणीही दारापाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलायचा, 2011 च्या डिसेंबरात, वयाच्या 100 व्या वर्षी वारला. कॅफे अजून कुटुंबाकडेच आहे आणि बुखटेल्न अजून मिळतात, संध्याकाळी. आम्ही रात्री आठनंतर गेलो, जागा नव्हती, एका जोडप्याने आपले कोट उचलून आम्हाला बाकावर सरकवून घेतलं. बुखटेल्न गरम होते, वर पिठीसाखर. आईने पुरणपोळी खाल्ल्यावर काढते तो आवाज काढला, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट माझ्याकडे नाही.

आता जाणार असाल तर. सेंट्रल बाहेरून आणि शक्य असेल तर आतून जरूर बघा, पण सकाळी उघडल्या उघडल्या. बसायला श्पेर्ल, किंवा श्टुबेनरिंगवरचं प्र्यूकेल, ज्याची आतली सजावट 1950 च्या दशकातली आहे, भरपूर उजेड, मोठ्या काचा, समोर उपयोजित कलांचं छान म्युझियम. हावेल्का रात्रीसाठी. झाखरटॉर्ट, म्हणजे इथला प्रसिद्ध चॉकलेट केक, खायचीच असेल तर खा, 1832 मध्ये ऑस्ट्रियाचा चॅन्सलर मेटर्निख याच्या स्वयंपाकघरातल्या सोळा वर्षांच्या पोराने केली अशी तिची कथा आहे आणि त्यातल्या "ओरिजिनल" या शब्दावरून दोन दुकानं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली, पण चवीला माझ्या मते जरा कोरडी, सोबतची फेटलेली साय नक्की घ्या. धुराची भीती असेल तर ती आता नाही, 2019 च्या नोव्हेंबरपासून ऑस्ट्रियातल्या हॉटेल-कॅफेंमध्ये आत सिगरेट बंद आहे.

वर्तमानपत्रं लाकडी काठीत अडकवलेली असतात, भाषा येत नसली तरी एक घेऊन चाळा, बाजूच्याला द्या, तिथे ते चालतं. व्हीनर त्साइटुंग मात्र आता त्यात दिसणार नाही, 1703 पासून निघणारा तो पेपर, 2023 च्या जूनअखेर त्याचा रोजचा छापील अंक बंद झाला, याचं वाईट वाटतं.

वेटर कडक वाटतील, घाबरू नका, उद्धट नसतात, फक्त लगट करत नाहीत. आत शिरताना "ग्र्यूस गॉट" म्हणा. मोकळं टेबल दिसलं की बसा, पण "रिझर्व्हिअर्ट" अशी पाटी आहे का बघून. उठायचं असेल तेव्हा नजर मिळवून "त्सालेन, बिट्टे" म्हणायचं, मग ते जाडजूड काळं पाकीट घेऊन टेबलाशीच हिशोब करतात. टिप टेबलावर सोडायची नसते, आकडा सांगतानाच वरची रक्कम धरून सांगायची, साधारण दहा टक्के. थोडी रोकड जवळ ठेवा, सगळीकडे कार्ड चालेलच असं नाही.